विदूषकाची बिदागी

ज्याचे मीठ खावे त्याच्यावर हसावे का, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. थोडा विचार केला की तो नीतीचा आहे हे ध्यानात येते. त्याच्याच पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न दडलेला असतो. ज्याच्यावर हसायचे त्याच्याकडूनच हसण्याचे मोल घेतले, तर त्या हसण्यातला खरेपणा उरतो का? नामवंत विनोदी नटांनी मोठमोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणपट काढावेत, हा व्यवसाय गेल्या पन्नास वर्षांत इंग्लंडात चांगला रुळला. त्याच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावा, असे बरेच दिवस मनात होते. त्याला एक खाजगी कारणही आहे. ते ओघाने येईलच.

या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती ‘व्हिडिओ आर्ट्‌स’ या कंपनीने. जॉन क्लीझ आणि अँटनी जे यांनी दूरचित्रवाणी क्षेत्रातील आपल्या सहकाऱ्यांसह १९७२ साली ती स्थापन केली. क्लीझ म्हणजे १९६९ पासून गाजलेल्या ‘माँटी पायथन’ या विनोदी मंडळातले उंचेपुरे नट. पुढे १९७५ मध्ये ‘फॉल्टी टॉवर्स’ या मालिकेत त्यांनी उभा केलेला तापट, शिष्ट, आलेल्या गिऱ्हाइकाकडे संकट म्हणून पाहणारा हॉटेलमालक आजही लोक विसरलेले नाहीत. गिऱ्हाइकाशी कसे वागू नये याचा असा मूर्तिमंत नमुना पडद्यावर आणणारा माणूस कंपन्यांना गिऱ्हाइकाशी कसे वागावे हे शिकवत होता, हा योगायोग गमतीचा खराच. जे हे लेखक. बी.बी.सी.त काम केलेले, आणि १९६७ साली मॅकियाव्हेलीच्या राजनीतीच्या चष्म्यातून आधुनिक कंपन्यांच्या कारभाराकडे पाहणारे एक पुस्तक लिहिलेले. नंतर १९८० मध्ये जोनाथन लिन यांच्यासह त्यांनी ‘येस मिनिस्टर’ लिहिली. तिचा हिंदी अवतार ‘जी मंत्रीजी’ २००१ साली स्टार प्लसवर आला होता आणि त्यात मंत्री झाले होते फारूख शेख, हे पुष्कळ वाचकांना आठवत असेल.

या मंडळींची पद्धत सोपी होती. कंटाळलेला माणूस काही शिकत नाही, हे त्यांचे गृहीतक. म्हणून आधी चुकीचे वागणे हास्यास्पद करून दाखवायचे, आणि मग तेच काम नीट कसे करावे ते सांगायचे. चूक करणारा बहुधा क्लीझच असे. माणसाची चूक त्याच्या तोंडावर सांगितली की तो ढाल पुढे करतो. तीच चूक दुसऱ्याच्या अंगावर दिसली की हसतो, आणि हसता हसता ती चूक आहे हे मान्य करून बसतो. हसवणे म्हणजे उथळपणा नव्हे, अशी क्लीझ यांची धारणा दिसते. रॉबिन स्किनर या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर त्यांनी कुटुंबातील नातेसंबंधांवर १९८३ साली संवादरूपाने एक पुस्तकही लिहिले. तेव्हा या गृहस्थांनी केवळ पैशासाठी कंपन्यांची चाकरी केली, असा निवाडा घाईचा होईल.

पण आक्षेप घेणारा सहज थांबत नाही. तो म्हणतो, विनोदकार हा सत्तेपुढे न वाकणारा माणूस. त्याने मालकाच्या पैशाने नोकरांना शिकवायला लागावे, म्हणजे वाघाने कळपाची राखण पत्करण्यासारखे आहे.

या आक्षेपात मला अर्धेच तथ्य दिसते. विनोदकार पूर्वी कधी स्वतंत्र, निर्वेतन होता, हा समज आपल्या परंपरेने तरी खरा ठरत नाही. संस्कृत नाटकातला विदूषक राजाच्या पंक्तीला जेवतो, आणि त्याला खाण्याची वासना किती आहे हे नाटककार पुन्हापुन्हा दाखवतात. आपल्याकडचा कीर्तनकार यजमानाने दिलेल्या बिदागीवर चालतो. तो यजमान पहिल्या रांगेत तक्क्याला टेकून बसलेला असतो, आणि उत्तररंगात कृपण सावकाराची नक्कल सुरू झाली म्हणजे मंडपातल्या नजरा हळूच कोठे वळतात, हे ज्यांनी कीर्तने ऐकली आहेत त्यांना सांगायला नको. बिदागी घेतली म्हणून कीर्तन खोटे होत नाही. पैसा कोणाचा, या प्रश्नाने निकाल लागत नाही. निकाल लागायचा तर दुसरे प्रश्न विचारावे लागतील. मला ते दोन दिसतात. या हसण्यात मूर्ख कोण ठरतो? आणि हे हसणे कोठे येऊन थांबते?

पहिला प्रश्न घेऊ. ‘व्हिडिओ आर्ट्‌स’च्या सुरुवातीच्या चित्रफितींपैकी एकीचे शीर्षक आपल्या भाषेत सांगायचे तर ‘हे तुमच्या गळ्यात मारले तरी कोणी?’ असे होईल. तिचा नायक यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. हाताचा कुशल, पण तोंडाचा फटकळ. गिऱ्हाइकाकडे गेला की यंत्राला नावे ठेवतो, ते विकणाऱ्या आपल्याच माणसाला नावे ठेवतो, आणि विक्री खात्याने कमावलेला विश्वास पाच मिनिटांत घालवतो. ही भूमिका क्लीझ यांचीच. प्रेक्षक हसतात, आणि कारागीर शिकतो की असे बोलू नये. शिकवण व्यवहाराला धरून आहे. तरीही मनात एक शंका राहते. ते यंत्र खरोखरच भिकार असेल तर? मग त्या खोलीत खरे बोलणारा तो एकटाच माणूस होता, आणि आपण हसलो ते त्याच्यावर. कारागीर चुकीचा होता की केवळ गैरसोयीचा, हे चित्रफीत विचारत नाही. ती विकत घेणाऱ्याला तो प्रश्न पडायचे कारण नव्हते.

याच कंपनीची दुसरी चित्रफीत १९७६ सालची, ‘मीटिंग्ज, ब्लडी मीटिंग्ज’. सभांना कंटाळलेल्या माणसाचा वैताग तिच्या नावातच आहे. येथे क्लीझ अधिकारी आहेत. त्यांना स्वप्न पडते की ते न्यायालयात आरोपी म्हणून उभे आहेत, आणि आरोप आहे सभा बेजबाबदारपणे चालवल्याचा. सभेचा हेतू आधी निश्चित करा, संबंधितांना पूर्वसूचना द्या, विषयांचा क्रम नीट लावा, चर्चा भरकटू देऊ नका, आणि झालेल्या निर्णयांचा सारांश सांगून त्याची नोंद ठेवा, अशी पाच कलमे त्या खटल्यातून प्रेक्षकांच्या पदरात पडतात. येथे मूर्ख कोण? खुर्चीवर बसलेला. ज्याच्या खात्याने ही चित्रफीत विकत घेतली तोच.

तीच कंपनी, तोच नट, तोच मोबदला. पण एका चित्रफितीत हसणे वरून खाली वाहते आणि दुसरीत खालून वर. पहिलीत मालक नोकराकडे पाहून हसतो, दुसरीत नोकराला साहेबाकडे पाहून हसण्याची मुभा मिळते. या दोहोंचे नैतिक मोल मी एक मानू शकत नाही. दुर्बळाची चूक दाखवायला विनोद लागत नाही. ती दाखवायला शिपाईही पुरतो. सामर्थ्यवानाची चूक दाखवायची तर मात्र विनोदाखेरीज दुसरे हत्यार पुष्कळदा हाती नसते.

आणखी एक गोष्ट क्लीझ यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. मूर्खाचे सोंग त्यांनी दुसऱ्याला दिले नाही, स्वतः घेतले. ही रीत आपल्याला परकी नाही. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात विंचू कोणा शेजाऱ्याला चावत नाही. तो चावलेला माणूसच ‘मी’ म्हणून उभा राहून ओरडतो, आणि लोक हसतात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये खुळचट रूढींची थट्टा आहे, पण ती सांगणारा सुदामा स्वतः बंडूनाना आणि पांडूतात्यांच्या कंपूतलाच आहे, उंच माडीवर बसून तो खालच्यांची मौज पाहत नाही. शिकवणाऱ्याने मूर्खपणाचा पहिला घास स्वतः घ्यावा, म्हणजे मग ऐकणाऱ्याला तो पंगतीला बसवू शकतो. क्लीझ यांच्या प्रशिक्षणपटांना जे यश मिळाले, त्यात या सभ्यतेचा वाटा मोठा असावा.

आता दुसरा प्रश्न. हे हसणे कोठे थांबते?

अँटनी जे यांच्या दोन प्रकारच्या लेखनाची तुलना येथे उद्बोधक ठरेल. प्रशिक्षणपटाच्या शेवटी उपाय असतो. अधिकारी शहाणा होतो, पुढची सभा व्यवस्थित पार पडते. ‘येस मिनिस्टर’मध्ये उपाय नसतो. मंत्री हॅकर प्रत्येक भागात काहीतरी बदलायला निघतात, सचिव सर हम्फ्री अत्यंत अदबीने ते होऊ देत नाहीत, आणि बहुतेक वेळा गाडे होते तेथेच येऊन ठेपते. एकाच लेखकाने, जवळपास एकाच काळात, सत्तेच्या त्याच दालनाविषयी या दोन गोष्टी लिहिल्या. फरक त्यांच्या स्वभावाचा नव्हता, मागणीचा होता. प्रशिक्षणपट विकत घेणारा दुखण्याचे वर्णन विकत घेत नाही, औषध विकत घेतो. तेव्हा जे दुखणे औषधाने बरे होणारे नाही, ते त्या चित्रफितीत शिरूच शकत नाही. सभा कशी घ्यावी हे तेथे सांगता येते. ही सभा कोणाच्या सोयीसाठी भरते, तिच्यात ज्यांच्याविषयी निर्णय होतात ते दाराबाहेर का उभे असतात, हे तेथे विचारता येत नाही. मजकुरावर कोणी प्रत्यक्ष बंदी घातलेली नसते. असा प्रश्न विचारणाऱ्या चित्रफितीला गिऱ्हाईक नसते, इतकेच.

बिदागीची खरी किंमत येथे चुकती होते. बिदागी घेणाऱ्याला खोटे बोलावे लागतेच असे नाही. बरेचसे खरे बोलता येते. एखाद्या ठिकाणी मात्र तो हजर नसतो. कालिदासाच्या शाकुंतलात हे फार सूक्ष्मपणे आले आहे. दुसऱ्या अंकात राजा आपल्या विदूषकाजवळ, माधव्याजवळ, शकुंतलेविषयी मन मोकळे करतो. मग त्याला राजधानीत परत पाठवताना, हे सारे थट्टेत बोललो, खरे मानू नकोस, असे सांगून टाकतो. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येऊन उभी राहते तेव्हा जिच्याविषयी सारे ऐकलेला तो एकच माणूस तेथे नसतो. राजानेच त्याला हंसपदिकेची समजूत काढायला धाडलेले असते. सहाव्या अंकात राजा त्याला विचारतो, तू तरी मला आठवण का दिली नाहीस? विदूषक म्हणतो, आपणच ती थट्टा म्हणून सांगितली होती, आणि माझ्या मातीच्या बुद्धीने ती तशीच मानली. या उत्तराने मी प्रत्येक वाचनात अस्वस्थ होतो. थट्टेचा उपयोग खरे बोलण्यासाठी होतो हे आपण जाणतो. खरे निष्प्रभ करण्यासाठीही तिचा तितकाच उपयोग होतो, हे कालिदासाने दाखवून ठेवले आहे. त्याच्या जोडीला ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय ठेवावा. चारुदत्ताचे वैभव गेले, घरातले पक्वान्नांचे वास गेले, तरी तो विदूषक त्याला सोडून गेला नाही, आणि कटू बोलायचेही थांबला नाही. दोघेही अन्नाचे मिंधे. एकाची जीभ अन्नापाशी थांबली, दुसऱ्याची थांबली नाही.

अलीकडच्या काळात या व्यवहाराने आणखी एक वळण घेतले. रिकी जर्वेस यांनी ‘द ऑफिस’ (२००१ ते २००३) या इंग्रजी मालिकेत डेव्हिड ब्रेंट हा साहेब उभा केला. आपण फार लोकप्रिय आणि फार गमतीदार आहोत अशी स्वतःची खात्री असलेला हा माणूस. कामाच्या ठिकाणचा खोटा जिव्हाळा आणि पोकळ भाषणबाजी यांवर इतके बोचरे लेखन क्वचितच झाले असेल. आणि २००४ मध्ये याच ब्रेंटला मायक्रोसॉफ्टच्या ब्रिटनमधील शाखेने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या चित्रफितींत आणले. त्या केवळ कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी होत्या; २००६ मध्ये त्या इंटरनेटवरून बाहेर आल्या. त्यांत विनोद उत्तम आहे, कंपनीवरही चिमटे आहेत. पण क्लीझच्या सभाधीशात आणि या ब्रेंटमध्ये एक अंतर मला जाणवते. त्या सभाधीशाच्या जागी प्रेक्षक स्वतःला पाहू शकतो. त्याच्या चुका किरकोळ, घरगुती, आपल्याही असतात. ब्रेंट इतका टोकाचा आहे की त्याला पाहून प्रत्येक साहेब निश्चिंत होतो : मी काही असा नाही. पाहा, आम्हाला स्वतःवर हसता येते, असे म्हणण्याची सोयही संस्थेला होते. ज्या सत्तेला आपल्यावरचा विनोद बोचत नाही, उलट आवडतो, तिला त्या विनोदाने सुधारणे कठीण आहे. आज आपल्याकडेही कंपन्यांच्या वार्षिक मेळाव्यांत विनोदी कलावंतांना मानधन देऊन बोलावण्याचा प्रघात पडला आहे. तेथे वरिष्ठांवर होणाऱ्या थट्टेला सर्वांत मोठ्याने हसणारे वरिष्ठच असतात.

येथवर मी विनोदकाराची झडती घेतली. पण हसणाऱ्याचे काय? माझे खाजगी कारण आता सांगतो.

माझी सारी नोकरी मध्य प्रदेश शासनात गेली. १९९१ च्या आरंभी एका प्रशिक्षणवर्गात आम्हा पंचवीसएक अधिकाऱ्यांना ती सभांची चित्रफीत दाखवली गेली. दुपारच्या जेवणानंतरचा तास, खिडक्यांवर पडदे, आणि टेबलावर ठेवलेला दूरदर्शन संच. इंग्रजी उच्चार सगळेच कळत नव्हते, पण त्या अधिकाऱ्याची तारांबळ कळायला भाषेची गरज नव्हती. आम्ही पोट धरून हसलो. बाहेर चहा घेताना प्रत्येकजण म्हणत होता, अगदी आमचे साहेब! मीही माझ्या वरिष्ठांचे नाव घेतले. पंचवीस अधिकाऱ्यांनी पंचवीस वरिष्ठांची नावे घेतली. स्वतःचे नाव कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.

त्याच उन्हाळ्यात माझ्या कार्यालयात दर पंधरवड्याला आढावा बैठक होई. एका दूरच्या विकासखंडातून एक वयस्क कर्मचारी सकाळच्या पहिल्या बसने येत. बैठक अकराची. मी वरिष्ठांकडून मोकळा होऊन साडेबाराला पोचत असे, आणि याचे मला काही वाटत नसे, कारण मलाही कोणीतरी बसवून ठेवलेले असे. त्यांचा विषय त्यांच्याकडच्या एका गावातील बंद पडलेल्या हातपंपाचा. रक्कम मामुली, मंजुरी माझ्या अधिकारातली. पण विषयपत्रिकेवर तो शेवटी होता. जिल्ह्याचे मोठे विषय आधी, लहान गावांचे नंतर, असा क्रम कोणी केव्हा लावला देव जाणे. मी तो चालू ठेवला होता. पहिल्या बैठकीत वेळ संपली. दुसऱ्या बैठकीतही संपली. दोन्ही वेळा इतिवृत्तात ‘पुढील बैठकीत विचारार्थ’ असे लिहिले गेले, आणि त्याखाली सही माझी.

तिसऱ्या बैठकीआधी चहा चालला होता. मी रंगात येऊन त्या चित्रफितीची गोष्ट सांगितली. सांगितली कसली, नक्कलच केली. कागद शोधणारा साहेब, भरकटणारी चर्चा, स्वप्नातले न्यायालय. सगळे मनसोक्त हसले. साहेबाने केलेल्या विनोदाला हसावेच लागते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. ते वयस्क कर्मचारी मात्र हसले नाहीत. गोष्ट त्यांनी नीट ऐकली होती. हातातली बशी खाली ठेवून त्यांनी अगदी सरळपणे विचारले, “साहब, और उस साहब के नीचे जो लोग थे, उनका क्या हुआ?”

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या दिवशी हातपंपाचा विषय मी पहिला घेतला, मंजुरीही दिली. पण पुढचे कागद फिरून सामान पोचेपर्यंत पावसाळा लागला होता. पाऊस सुरू झाल्यावर तो हातपंप दुरुस्त झाला. तोवर सारा उन्हाळा त्या गावच्या बायका दूरच्या विहिरीवर जात होत्या. हे मला नंतर एका दौऱ्यात कळले. तेही कोणी तक्रार म्हणून सांगितले नाही, बोलता बोलता निघाले.

हेन्री बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर निबंध लिहिला. हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिर करावे लागते, आणि आडमुठ्या वागण्याला समाजाने दिलेली ती शिक्षा असते, या आशयाची मांडणी त्याने केली आहे. त्यातला पहिला भाग मला त्या चहाच्या वेळी कळला, असे आज म्हणता येईल. मूर्ख साहेबावर आम्हाला हसता आले, कारण त्याच्या खालच्या माणसांविषयी आमचे हृदय बधिर होते. ती माणसे चित्रफितीत असली तरी आमच्या लक्षात नव्हती. त्या कर्मचाऱ्यांचे हृदय बधिर होऊ शकत नव्हते, कारण त्या गोष्टीतली त्यांची जागा ठरलेली होती. दुसऱ्या भागाविषयी मात्र मला शंका आहे. हसणे ही शिक्षा असेल, तर ती भोगतो कोण? पडद्यावरचा साहेब भोगतो. प्रेक्षकातला साहेब तर न्यायाधीशाच्या बाजूला बसून, एक चांगले काम केल्याच्या समाधानात घरी जातो. विषयांचा क्रम नीट लावा, असे त्या चित्रफितीत स्पष्ट सांगितले होते. मी ते ऐकले होते आणि त्यावर हसलोही होतो. हसलो म्हणजे शिकलो, असा माझा समज झाला होता.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे, असा त्यांचा तेथील अर्थ. मी हे शब्द थोड्या वेगळ्या अर्थाने उसने घेतो, त्याबद्दल जाणकारांनी क्षमा करावी. जे हसणे दुसऱ्यावर सुरू होऊन दुसऱ्यावरच संपते, ते परस्थ. जे दुसऱ्यावर सुरू होते पण घरी येईपर्यंत आपल्यापाशी पोचते, ते आत्मस्थ. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत नेण्याचे काम विनोदकार अर्ध्या वाटेपर्यंतच करू शकतो. क्लीझ यांनी आपले अर्धे काम मन लावून केले, असे मी म्हणेन. त्यांनी खुर्चीवरच्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि त्या पिंजऱ्यात स्वतः जाऊन उभे राहिले. उरलेले अर्धे अंतर माझे होते.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर काहीसे असे आहे. मालकाचे पैसे घेऊन हसवणे हे पाप नाही. परंतु असे हसवणाऱ्याने आपल्याला कोठे पाठवले जात आहे, कोणत्या वेळी आपण दरबारात नसणार आहोत, याचे भान ठेवले पाहिजे. आणि दुर्बळाला मूर्ख ठरवण्याची बिदागी घेऊ नये. पण जबाबदारीचा मोठा हिस्सा हसणाऱ्याचा आहे, विशेषतः तो अधिकाराच्या जागी असेल तर. हसून झाल्यावर त्याने एकदा तो प्रश्न स्वतःला विचारावा : त्या साहेबाच्या खाली जे लोक होते, त्यांचे काय झाले? हा प्रश्न कोणत्याही प्रशिक्षणपटात ऐकायला मिळणार नाही. तो विचारायला चहाची बशी खाली ठेवणारा एखादा माणूस लागतो, आणि तो प्रत्येक बैठकीत असतोच असे नाही.

त्यानंतर मी फार बदललो, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. बैठकांना उशीर पुढेही होत राहिला. वरिष्ठ बदलले, तरी त्यांच्या दाराबाहेरचे बाकडे बदलले नाही. एक गोष्ट मात्र निवृत्तीपर्यंत पाळली. विषयपत्रिकेत सर्वांत दूरच्या गावाचा विषय पहिला ठेवीत गेलो. एका नव्या बाबूने एकदा विचारले, हा उलटा क्रम का? मी त्याला ती चित्रफितीची गोष्ट सांगितली. या वेळी नक्कल केली नाही.